आली नाही असं लिहा

१

जुन्या तारघराच्या नोंदवहीत दोनशे बारा पानं असायला हवी होती, आणि मोजली तर दोनशे बाराच होती. तरीही एक पान चोरीला गेलं होतं. तेही साधंसुधं नाही. ज्या पानासाठी दुपारी चार वाजता शेजारच्या सभागृहात पाचशे माणसं जमणार होती, नेमकं तेच.

चोरी पकडली खळमावशीनं. दप्तरखान्यातले फाटके कागद खळ लावून सांधण्यात तिची तीस वर्षं गेली होती, त्यामुळे तिचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठे उरलं नव्हतं. सकाळी दहा वाजता ती वहीवरून शेवटचा हात फिरवायला आली, युद्धाच्या पहिल्या दिवसाचं पान काढलं आणि थबकली. पान कोरं होतं. पिवळं, जुनं, बरोब्बर त्याच मापाचं, पण कोरं. आतल्या कडेला बारीक सुरकुत्या आल्या होत्या.

"त्या दिवशी कदाचित नोंदच झाली नसेल," संचालक घाम पुसत म्हणाले. आजच्या सभेचे यजमान तेच होते.

"साहेब, या पानाच्या खालच्या कोपऱ्याला मी गेल्या वर्षी ठिगळ लावलंय. ठिगळ कुठंय?"

त्या युद्धानं सात वर्षं दोन देशांना भाजून काढलं होतं. संपून बावन्न वर्षं झाली तरी ते सुरू कुणी केलं हा वाद मिटत नव्हता. नदीवर पूल होता, पुलाच्या दोन्ही टोकांना दोन फौजा होत्या आणि एका संध्याकाळी अलीकडून तोफ उडाली. पलीकडचे म्हणत, आम्ही माघार घेतोय अशी तार केली होती, तरी तुम्ही मारलंत. अलीकडचे सगळ्यांत मोठे इतिहासकार, म्हणजे थोरले सर, म्हणत की तशी तार आलीच नाही, मी तारघराची वही डोळ्यांनी पाहिली आहे. हे वाक्य शाळेच्या पुस्तकात होतं. आणि सरांच्याच हाताखाली शिकलेल्या धाकट्या मॅडम आता म्हणत होत्या की तार निघाली असेल पण वाटेत हरवली असेल, युद्ध कुणी केलं नाही, ते भीतीपोटी घडत गेलं. आज गुरू-शिष्या समोरासमोर येणार होते आणि वही सगळ्यांदेखत उघडायची होती. ती इतकी ठिसूळ झाली होती की सरांनी पाहिल्यानंतर चाळीस वर्षं कुणाला दिलीच गेली नव्हती. मावशीनं वर्षभर खपून ती सांधली होती.

मावशीनं भिंग लावलं. पान जिथून निघालं होतं तिथली कड कापसासारखी मऊ, तंतू सुटलेली होती. तिला एकदम हुरूप आला.

"पात्यानं कापलेलं नाही हे. ओला दोरा कडेला दाबून ठेवायचा, कागद भिजला की अलगद ओढायचा. आवाज नाही, हत्यार नाही. फार सफाईचं काम आहे."

"आणि असलं काम या इमारतीत कुणाकुणाला येतं?" संचालकांनी विचारलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. 

"मला," ती म्हणाली.

"आणखी?"

मावशी भिंग पुसू लागली. पण टेबलापलीकडे उभी असलेली वाचनकक्षाची कारकून, जिच्या ताब्यात काल दिवसभर ही वही होती, तीच पुढे झाली.

"आणि मला," मावशीची भाची म्हणाली. "मावशीनंच शिकवलंय."

२

संचालक वाईट माणूस नव्हते, फक्त घाबरलेले होते, आणि घाबरलेला साहेब वाईटापेक्षा बरा नसतो. त्यांनी पत्र तयार करायला सांगितलं. पाच वाजेपर्यंत पान मिळालं नाही तर भाची नोकरीतून कमी, आणि वर चोरीची तक्रार. एकदा तो ठपका बसला की देशातल्या कुठल्याच ग्रंथालयानं तिला दाराशी उभं केलं नसतं. बहीण गेल्यापासून मावशीनं ही पोर वाढवली होती आणि तिला कागदाखेरीज दुसरं काही यावं अशी काळजी घ्यायचं राहूनच गेलं होतं.

"साहेब, चारपर्यंत पान आणून देते," मावशी म्हणाली.

"बाई, हे विद्वान बावन्न वर्षं एक कारण शोधतायत. तुम्ही सहा तासांत चोर शोधणार?"

"त्यांना वाद घालायचा पगार मिळतो. मला चिकटवायचा."

काल वही तिघांनी मागितली होती. पुलाच्या अलीकडच्या फौजेच्या प्रमुखाचे नातू, अकरा ते बारा. थोरले सर, दोन वाजता, जेमतेम पाच मिनिटं. धाकट्या मॅडम, तीन ते पाच. प्रत्येकानं वही परत केल्यावर भाचीनं पानं मोजली होती आणि प्रत्येक वेळी दोनशे बारा भरली होती.

"मोजताना कोरं पान दिसलं नाही तुला?"

"तूच सांगतेस ना, मोजताना वाचायचं नाही, नाहीतर आकडा चुकतो. मी नुसते कोपरे मोजते." तिनं वही कुणाकडे किती वाजता होती त्याच्या सह्यांसकट नोंदींचा कागद पुढे केला. "मावशी, मी नाही केलेलं."

"मला सांगतेस? तुझा हात मी ओळखते."

ओल्या दोऱ्याची कला आणखी एकीला ठाऊक होती. विद्यार्थिनी असताना धाकट्या मॅडम दोन वर्षं दुपारच्या वेळी मावशीच्या खोलीत बसायच्या. पण ते नाव घेण्यात अर्थ नव्हता. जिची सगळी मदार त्या पानावर, ती ते कशाला चोरेल? आपल्याच घराला कुणी आग लावत नाही. मावशीनं ॲप्रन काढला आणि नातवाला गाठायला निघाली.  तीस वर्षांत ती भर दुपारची खोलीबाहेर पडली नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिला भीती वाटत होती तितकीच मजाही वाटत होती.

३

नातू सभागृहाशेजारच्या उपाहारगृहात बसले होते. उंच, ताठ, निवृत्त अधिकारी. आजोबांची बदनामी झाली तर दाद मागायला सोबत वकील आणला होता.

"माझ्या आजोबांना बळीचा बकरा केलंय," ते म्हणाले. "मला पान बघायचं होतं. बघितलं. पण ते तारवाल्याचं घाईचं अक्षर, एक शब्द लागेल तर शपथ. कोपऱ्यात ठिगळ दिसलं, समासात निळी खूण दिसली, बाकी सगळ्या मुंग्या."

"निळी खूण? पेन्सिलीची?"

"हो. बरोबरच्या खुणेसारखी. शाळेत मास्तर करतात तशी."

मावशीलाही ती आठवली. ती पानं वाचत नसे, पानं बघत असे. डाग, छिद्रं, घड्या तिच्या डोळ्यांत राहायच्या, अक्षरं नाही. पेन्सिलीची खूण पुसायची नाही असा नियम, म्हणून तिनं ती तशीच ठेवली होती.

नातवानं कप उचलला आणि बशी खडखडली. दोन्ही हात थरथरत होते, अगदी आजारच होता तो. दुसऱ्या हातानं मनगट धरल्याशिवाय त्यांना चहा पिता येत नव्हता. हे हात ओल्या दोऱ्यानं कागद सोडवणार? वहीचा चिवडा झाला असता. म्हणजे बारा वाजेपर्यंत खरं पान जागेवर होतं आणि नातू सुटले.

थोरले सर दोन जिने वर, स्वतःच्या खोलीत होते. बहात्तर वर्षांचे. टेबलावर कुणाचा तरी प्रबंध पसरलेला होता आणि सर समासात खुणा करत होते. निळ्या पेन्सिलीनं.

मावशी दारातच थांबली.

"या, बसा," सर म्हणाले. "काल मी आलो होतो, हो. वही उघडली नाही. नुसता हात ठेवला तिच्यावर. वाचलेलं परत काय वाचायचं?"

"सर, ते पान गेलं."

"गेलं म्हणजे?"

"काढून नेलं कुणीतरी."

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. मावशी त्यांच्या तोंडाकडेच बघत होती. रागावतील, हळहळतील, ओरडतील असं तिला वाटलं होतं. पण सरांनी डोळे मिटले, आणि बाळंतघराबाहेर ताटकळलेल्या बापानं सगळं सुखरूप आहे असं ऐकून सोडावा तसा एक लांब श्वास सोडला.

चोर सापडला, असं वाटून मावशी जिना उतरायला लागली, आणि मधल्या पायरीवरच थांबली. सरांनी वही उघडलीच नव्हती. भाची समोर बसून बघत होती. शिवाय सरांना साधं पाकीट धड चिकटवता येत नसे, ते चिकटवून घ्यायला मावशीकडे यायचे. पान गेल्याचा त्यांना आनंद झाला होता हे खरं, पण ते गेलं हे त्यांना तिच्याकडूनच कळलं होतं.

मग उरलं कोण? उरली भाची. 

४

दोन वाजले होते. मावशी वाचनकक्षात परत आली, कोऱ्या पानासमोर बसली आणि तिनं स्वतःलाच एक शिवी घातली. सकाळपासून ती माणसांच्या मागे धावत होती, आणि काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तसं, जे काम येतं ते सोडून बसली होती. कागदाला कुणी काही विचारलंच नव्हतं.

पान तिनं हलकेच वाकवलं. उभं वाकवलं तर ताठरलं, आडवं वाकवलं तर लगेच वळलं. म्हणजे कागद आडवा लावला होता. कागदालाही लाकडासारखी रेषा असते. ती वहीच्या कण्याला समांतर ठेवली तर पान निमूट बसतं, आडवी ठेवली तर खळीच्या ओलीनं कड लाटांसारखी सुरकुतते. सकाळी दिसलेल्या त्या सुरकुत्या याच.

भाची ही चूक झोपेतसुद्धा करणार नाही. पहिल्या महिन्यात मावशीनं तिच्याकडून प्रत्येक तुकडा आधी वाकवून घेतला होता. अशी चूक दर वेळी, न चुकता करणारी एकच मुलगी त्या खोलीत होऊन गेली होती. हात सफाईदार, दोरा उत्तम चालायचा, पण उभं-आडवं बघायचा धीर नाही. डोकं कायम पुढच्या विचारात.

आनंदानं मावशीला ओरडावंसं वाटलं, पण तो आनंद टिकला नाही. कारण ती मुलगी तिला फार आवडायची.

धाकट्या मॅडम रंगमंचामागच्या खोलीत एकट्याच टिपणं चाळत होत्या. मावशीनं दार लावलं.

"कागद वाकवून बघायला अजून शिकली नाहीस तू."

मॅडमनी टिपणं बाजूला ठेवली. त्यांनी नाकारलं नाही, हे मावशीला बरं वाटलं. टेबलावरच्या आपल्याच पुस्तकातून त्यांनी दोन पातळ पुठ्ठ्यांमध्ये जपून ठेवलेलं पान काढलं. ठिगळ होतं, निळी खूण होती.

"मावशी, आज बघू नका. वाचा."

मावशीनं भिंग लावून, बोट फिरवत, एकेक अक्षर लावत वाचलं. सायंकाळी पाच वीस. पलीकडच्या फौजेकडून. आमची तुकडी आज रात्री पूल सोडून मागे जात आहे, गोळीबार करू नये. आणि समासात त्याच तारवाल्याच्या बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. *प्रमुखांच्या हाती दिली. वाचली. म्हणाले, आली नाही असं लिहा.*

त्या ओळीशेजारीच ती निळी खूण होती.

मावशी खुर्चीत बसली. तिचा स्वतःचा बाप त्या युद्धातून परत आला नव्हता. तेव्हा ती चार वर्षांची होती, आणि तो का गेला हे तिनं शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं.

"सरांनी ही ओळ वाचली होती," ती म्हणाली.

"तेव्हा ते तिशीत होते. जखमा ओल्या होत्या. हे छापलं असतं तर लोकांनी त्यांना जिवंत ठेवलं नसतं. मग त्यांनी लिहिलं की तार आलीच नाही." मॅडमनी पानावरची खूण बोटानं दाखवली. "मी त्यांना वादात हरवायला आले होते, मावशी. खोटारडे ठरवायला नाही. मला वडिलांनी जे दिलं नाही ते त्यांनी दिलंय. काल ती खूण बघितली आणि काही सुचेना. संध्याकाळच्या आत ठरवायचं होतं. वही टेबलावर ठेवून घरी जाऊन आले, जुन्या कागदाचा तुकडा आणि डबीत खळ आणली, आणि मुलगी दुसऱ्या वाचकाला पुस्तक द्यायला उठली तेवढ्यात काम उरकलं. वाटलं, कोरं पान बघून लोक म्हणतील त्या दिवशी नोंदच झाली नाही. तुम्ही पानं वाचत नाही, तुमच्या लक्षात यायचं नाही."

"वाचत नाही म्हणून माझं ठिगळ विसरेन होय? आणि खरं बोल. सरांसाठी केलंस की स्वतःसाठी? तार हरवली यावर तर तुझं सगळं पुस्तक उभंय. इथे तर ती पोचलीय."

मॅडमनी पुस्तक मिटून बाजूला सारलं.

"दोन्ही," त्या म्हणाल्या. "कुठलं किती, ते मलाही सांगता येत नाही. जन्मभर दुसऱ्यांची कारणं तोलत आले आणि स्वतःची तोलता येत नाहीत."

"बरं. आता हे ऐक. पाच वाजता माझ्या भाचीच्या हातात पत्र पडणार आहे. चोर म्हणून."

मॅडमनी झटकन मान वर केली. त्यांना हे ठाऊक नव्हतं, त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

"तिचं कशाला नाव येईल?"

"युद्धातसुद्धा भलत्यांचीच नावं आली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी. तुझं नाव मी सांगणार नाही, ते तू सांगायचं."

"सांगेन. पण मावशी, पान परत लावा, आणि ते आधी सरांच्या हातात जाऊ दे. ते स्वतः वाचतील. मला खात्री आहे. ते माझे सर आहेत."

घड्याळात तीनला दहा कमी होते. पान नीट लावून सुकायला तास लागतो. मावशी पान घेऊन वही आणायला धावली, वयाला न शोभेल इतक्या जोरात.

५

चारला सभागृह खच्चून भरलं होतं. मावशीनं वही संचालकांच्या हातात दिली. पान जागेवर होतं, कड किंचित दमट होती.

"कुणी नेलं होतं?"

"कळेल."

"कळेपर्यंत पत्र माझ्या खिशात आहे," संचालक म्हणाले.

भाची शेवटच्या रांगेशी भिंतीला टेकून उभी होती. मावशी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. हात खळीनं चिकट होते, तशाच हातानं तिनं भाचीचा हात धरला.

रंगमंचावर वही थोरल्या सरांच्या पुढ्यात ठेवली गेली. पान तिथे नसणार असं समजून सर आले होते. ते उघडं दिसल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पहिल्या रांगेत नातू ताठ बसले होते. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मॅडम सरांकडे बघत होत्या, मूल पहिल्यांदा चालताना आई बघते तसं.

सर वाचू लागले. त्यांचा आवाज अजूनही खणखणीत होता. तारीख वाचली. सायंकाळी पाच वीस. पलीकडच्या फौजेकडून. तारेचा मजकूर त्यांनी पूर्ण वाचला, एक शब्दही न गाळता, आणि सभागृहातून एक गलबला उठला. तार आली होती. शाळेच्या पुस्तकातलं वाक्य तिथल्या तिथे खोटं पडलं होतं आणि ते पाडणारे स्वतः थोरले सर होते. मावशीला वाटलं, जिंकलं म्हाताऱ्यानं.

गलबला थांबेपर्यंत सर थांबले. मग त्यांनी वही मिटली.

"माझ्या वाचण्यात चूक झाली होती," ते म्हणाले. "तार आली होती असं दिसतं. मात्र ती प्रमुखांपर्यंत पोचली का, याचा पुरावा नाही. या बाबतीत माझी विद्यार्थिनी म्हणते तेच खरं असावं. तार वाटेत हरवली. दोष कुणाचाच नाही."

टाळ्या पडल्या. मोठ्या मनाचा माणूस म्हणून लोक उभे राहायला लागले. नातवाचे खांदे सैल झाले.  सरांनी शिष्येला तिचा विजय ताटात वाढून दिला होता, आणि तिनं नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसली तर पुस्तक वाचतं, सर वाचतात, ती स्वतः वाचते. बुडते ती फक्त एक कारकून मुलगी, आणि दप्तरखान्यातली कारकून बुडाली तर त्याचा इतिहास कुणी लिहीत नाही.

मॅडम उभ्या राहिल्या. टाळ्या विरेपर्यंत त्यांनी वाट बघितली.

"सर, एक ओळ राहिली."

सरांनी वहीवरचा हात काढला नाही.

"समासातली, सर. तुमच्या खुणेशेजारची."

 सरांनी तिच्याकडे बघितलं, आणि मग वही उघडून टेबलावरून हळूच तिच्याकडे सरकवली.

"तूच वाच," ते म्हणाले. "माझ्याच्यानं चाळीस वर्षांत झालं नाही."

तिनं वाचलं. आवाज फुटला म्हणून दुसऱ्यांदा वाचावं लागलं. आली नाही असं लिहा. नातू उभे राहिले, वकिलानं त्यांची बाही ओढली, पण ते तसेच उभे राहिले. मॅडमचं संपलं नव्हतं.

"माझं पुस्तक चुकलंय. आणि हे पान काल मी काढून नेलं होतं, चोरून. वाचनकक्षातल्या मुलीचा त्यात काडीचा संबंध नाही. कारणं विचाराल तर दोन होती, आणि दोन्ही वाईट होती."

पुढे सभागृहात जो हलकल्लोळ झाला त्यावर दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांनी रकाने भरले. मावशीनं त्यातलं काही ऐकलं नाही. तिला फक्त सर दिसत होते. त्या गोंधळात ते उठून मॅडमच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले होते, आणि लोक दोघांवर ओरडत होते. मावशीला त्यांचा संताप येत होता आणि रडूही येत होतं. बापासाठी की सरांसाठी, हे तिला ठरवता येईना.

संचालक वाट काढत शेवटच्या रांगेशी आले. काखेत वही होती. खिशातून पत्र काढून त्यांनी त्याचे चार तुकडे केले आणि तुकडे कुठे टाकावे ते न कळून मुठीतच धरले.

"चुकलं माझं," ते भाचीला म्हणाले. "ही घ्या वही. लवकर कुलपात ठेवा, कुणीतरी हिसकावून नेईल."

भाचीनं हात पुढे केला नाही. दिवसभरात पहिल्यांदा ती ताठ उभी होती. तिनं नोंदींचा कागद काढून संचालकांसमोर धरला.

"आधी सही करा, साहेब. आत्ता ही वही तुमच्याकडे होती."